चोपड्या रद्दीवाल्याला देण्याआधी

प्रति,
गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ आणि वखार भागातले सर्व व्यापारी बंधू-भगिनी,
तसेच सांगलीतल्या व्यापारी संघटनांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या दुकानासमोरून रद्दीची हातगाडी चालली होती. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली लाल कापडी पुठ्ठ्याच्या, हिशेबाच्या लांबट चोपड्या दिसल्या, म्हणून गाडी थांबवली. एक चोपडी उघडली. पहिल्या पानावर 'श्री', खाली हळदी-कुंकवाची बोटं आणि 'शुभ लाभ'. रद्दीवाला म्हणाला, "वहिनी, याला भाव कमी येतो. पुठ्ठा आणि कापड सोलून काढावं लागतं." पेठेतल्या एका जुन्या अडत दुकानाची वाटणी झाली होती आणि माळा रिकामा करताना निघालेला हा माल होता. किलोवर पैसे देऊन मी अकरा चोपड्या उतरवून घेतल्या. बाकीच्या सकाळीच एका गाडीने गेल्या होत्या.

त्या घराला मी दोष देत नाही. जागेची अडचण आपल्या सगळ्यांनाच आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी या पेठेत सून म्हणून आले. बी.कॉम. झाले होते, त्यामुळे हिशेब आपल्याला येतो असं वाटायचं. सासऱ्यांनी, म्हणजे सगळी पेठ ज्यांना अण्णा म्हणायची त्यांनी, मला पहिल्या आठवड्यात रोजमेळासमोर बसवलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आदल्या दिवसाची शिल्लक वर, दिवसभराची देवघेव खाली, आणि रात्री गल्ल्यातली रोकड मोजून मेळ बसला की मगच फळ्या लावायच्या. एकदा चौदा रुपयांचा फरक निघाला. सासूबाईंनी ताटं दोनदा वाढली आणि दोनदा झाकली. शेवटी एका हमालाला चहापाण्याला दिलेले पैसे लिहायचे राहिले होते हे आठवलं, तेव्हा अण्णा हात धुवायला उठले. कॉलेजच्या तीन वर्षांत मला जे उमगलं नव्हतं, ते त्या रात्री उमगलं.

आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांपासूनच्या वह्या होत्या. सगळ्यात जुन्या मोडी लिपीत आहेत. १९५० च्या आसपास अक्षर हळूहळू बाळबोध, म्हणजे देवनागरी, होत जातं. काही वर्षं तर नावं बाळबोध आणि आकडे-खुणा मोडी असा संसार चालतो. त्यातलं १९५७ च्या एप्रिलचं पान मी कितीतरी वेळा उघडलं असेल. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे, म्हणजे रुपयाचे शंभर पैसे, आले. आदल्या दिवसापर्यंत रुपये-आणे-पै असे तीन रकाने, आणि त्या दिवशी आजेसासऱ्यांनी तिसरा रकाना आडव्या रेघेने बंद केला आहे. समासात बारीक अक्षरात कोष्टक: १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. पुढच्या दोन पानांवर खाडाखोड आहे. एके ठिकाणी एक पैसा जास्त लागला आणि तो 'बट्टा खाते' नावे टाकला आहे. देशाचं चलन बदलणं म्हणजे पेठेतल्या एका दुकानात नेमकं काय झालं, ते मला इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्याच कागदात दिसलेलं नाही.

आपल्या गावाचा इतिहास आपण सांगतो तो कसा? १८०१ च्या सुमाराला चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली. गणपतीचं देऊळ उभं राहिलं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. १९२९ ला कृष्णेवर आयर्विन पूल झाला, १९४८ ला संस्थान विलीन झालं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण राजधानी नुसत्या वाड्याने चालत नाही. वाड्यासमोर पेठ लागते, पेठेला वखारी लागतात, वखारीला हमाल, तोलणारे, दलाल, दिवाणजी लागतात. वखार भाग हे नाव आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. त्या वखारींतून काय आलं, काय गेलं, कुणाला किती मजुरी मिळाली, कुणी कुणाला कशाच्या भरवशावर पैसे दिले, हे कुठल्या शिलालेखात नाही. ते फक्त आपल्या चोपड्यांत आहे.

आमच्याकडच्या काही जुन्या बिलांवर छापील पत्ता आहे, 'सांगली, जि. दक्षिण सातारा'. १९४९ ते १९६० आपला जिल्हा दक्षिण सातारा होता, हे माझ्या मुलाला त्या बिलामुळे कळलं. बिलाच्या कोपऱ्यात पिवळा डाग होता. त्याने नाकाला लावून बघितला.

हळदीचं तर विचारूच नका. हरिपूरची पेवं आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी वापरलेली आहेत. जमिनीत खोल खणलेलं पेव, आत हळद, वरून तोंड बंद. आत हवा नाही म्हणून किडा नाही, आणि माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, कारण आत श्वास घ्यायला हवा नसायची. आधी दिवा सोडून बघायचे. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, बरीच पेवं कामातून गेली आणि हळद गोदामात आणि शीतगृहात गेली. आज हरिपुरात नवी पिढी पेव दाखवू शकते, पण चालतं पेव म्हणजे काय हे सांगणारे थोडे उरलेत. पेवात माल कधी घातला, कधी काढला, भाडं किती, घट किती आली, याचा हिशेब मात्र लिहिलेला होता. तो अडत दुकानांच्या वह्यांत होता. त्या गाडीवरून उतरवलेल्या अकरा चोपड्यांपैकी दोनांत 'पेव खर्च' असं स्वतंत्र खातं निघालं आहे. आधी गेलेल्या गाडीत किती होती, कोण जाणे.

त्याच चोपड्यांत आणखी एक गोष्ट सापडली. हळद निवडायला येणाऱ्या बायकांची रोजची मजुरी. नुसता आकडा नाही, नावानिशी. एका पानावर सात नावं आहेत, त्यातल्या एकीपुढे 'अर्धा दिवस, पोर आजारी' असं लिहिलं आहे आणि मजुरी मात्र पूर्ण लावली आहे. या बायकांचं नाव दुसऱ्या कुठल्या कागदावर असेल असं मला वाटत नाही. सातबाऱ्यावर नाही, घरपट्टीवर नाही. एका दिवाणजीने एका संध्याकाळी रोजमेळात लिहिलं म्हणून त्या आज आपल्याला भेटतात. आणि आपण ते किलोवर विकतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं, धंद्याला याचा उपयोग काय. म्हणून धंद्याचंच सांगते.

जुन्या खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, उधारीच्या प्रत्येक खात्यापुढे वायदा लिहिलेला असे. 'हळद विकल्यावर'. 'गूळ उतरल्यावर'. 'पाडव्याला'. पावसाळ्यात शेतकरी किराणा उधार नेई आणि माघ-फाल्गुनात हळदीचा सौदा झाला की खातं चुकतं होई. उधारी तेव्हाही भरपूर होती, पण तिला पिकाचा हंगाम बांधलेला होता. मी दहा-दहा वर्षांच्या अंतराने चार खतावण्या शेजारी ठेवून बघितल्या. बुडीत खाती कुठे वाढली? जिथे वायद्याचा शब्द लिहायचा बंद झाला, तिथे. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेतो, पोराकडून माल पाठवतो आणि 'नंतर टाका' म्हणतो. 'नंतर' हा वायदा नव्हे. गेल्या तीन वर्षांपासून मी पुन्हा प्रत्येक उधारीपुढे तारीख लिहायला लागले आहे आणि गिऱ्हाइकासमोर लिहिते. नोकरदाराला पगाराची तारीख, द्राक्षवाल्याला बेदाण्याच्या सौद्याची. कुणी रागावलं नाही. उलट दोघीतिघींनी आपण होऊन तारीख सांगितली.

जुन्या वहीत वर्षअखेरीला 'बाकी कबूल' लिहून खातेदाराची सही किंवा अंगठा घेत. ही नुसती रीत नव्हती. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली की मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. कोर्टात नुसत्या वहीच्या जोरावर समोरच्याला देणेकरी ठरवता येत नाही, पण नियमाने लिहिलेली वही पुराव्यात घेतली जाते आणि जोडीला सही असली की तिला वजन येतं. आपल्या आजोबांना कायद्याचं कलम माहीत नसेल. सही घ्यायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि पूर. हे लिहिताना आजही हात थांबतो.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आमच्या दुकानात पाणी माझ्या डोक्यावरून गेलं असतं इतकं चढलं आणि कितीतरी दिवस हललं नाही. उतरल्यावर आत गेलो तर डाळीची पोती फुगून फुटली होती आणि साखरेच्या पोत्यांत नुसता बारदाना उरला होता. कॉम्प्युटर बुडालेला. बॅकअपचा पेन ड्राइव्ह कुठे? गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, त्याच टेबलाला. ही चूक माझी. विमा होता. पाहणीला आलेल्या माणसाने सरळ विचारलं, पाणी यायच्या दिवशी माल किती होता, त्याचा कागद दाखवा. माझ्याकडे कागद नव्हता. पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवत, जीएसटीच्या पोर्टलवरून खरेदी काढत, मी अडीच महिने तो आकडा उभा करत बसले. तरी हातात आलं ते निम्म्याच्या आसपास. एक कारण कागदाचं आणि दुसरं हे, की विमा कमी रकमेचा उतरवला होता. हा हिशेब आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतो, म्हणून सांगते: दुकानात २० लाखांचा माल असेल आणि विमा १० लाखांचा, तर ८ लाखांचं नुकसान झाल्यावर ८ मिळत नाहीत. निम्मा विमा म्हणून निम्मं नुकसान, म्हणजे ४. अलीकडच्या छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत थोडी सूट आहे, पण तूट मोठी असेल तर हीच कात्री लागते. वर जो माल वाहून गेला, त्याच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावटही परत करावी लागते. म्हणजे माल गेला आणि कराचा भारही अंगावर आला. या सगळ्यात माणसाच्या बाजूने उभा राहतो तो फक्त लिहिलेला हिशेब.

माळ्यावरच्या जुन्या वह्यांपैकी खालच्या कप्प्यातल्या भिजल्या, वरच्या वाचल्या. त्यातल्याच एका वहीत, पावसाळ्याच्या पानांवर, मला एक नोंद सापडली: 'पोती माडीवर चढविणे, हमाली रु. ७॥'. तिच्यानंतरचे चार दिवस कोरे, कडेला एकच शब्द, 'पूर'. म्हणजे पाणी यायच्या आधी माल वर गेला होता. मी मागची-पुढची पानं चाळली, तर दर काही वर्षांनी अशी हमालीची नोंद सापडते. दोन वेळा तर नोंद आहे आणि पूर आलाच नाही. हमाली फुकट गेली, तरी पुढच्या वेळी पोती चढवलीच. साडेसात रुपये वाया गेले म्हणून त्यांनी रीत सोडली नाही. आम्ही मात्र 'पेठेत इतकं पाणी येत नाही' म्हणत शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा मी ती नोंद डोळ्यापुढे ठेवली. पुलापाशी पाणी पस्तीस फुटांवर गेलं की कुणाला न विचारता माल वर चढवायचा, हे आम्ही घरात ठरवून टाकलं होतं. हमाल, टेम्पो, विश्रामबागेतल्या बहिणीची मोकळी खोली, सगळं आधी बोलून ठेवलं होतं. त्या वर्षी आमचं नुकसान झालं ते लाकडी फळ्यांचं आणि एका फ्रीजचं.

हा शहाणपणा मला कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात मिळाला नाही. आमच्याच माळ्यावर पडून होता.

म्हणून माझी पहिली विनंती प्रत्येक दुकानदाराला. कायद्याला आपले हिशेब ठरावीक वर्षंच हवे असतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, आयकराचंही साधारण तसंच. त्यापुढचे कागद काढून टाका असं सल्लागार सांगतो आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण १९८० च्या आधीच्या चोपड्या, बिलं, हुंड्या, पट्ट्या, तोलाईच्या चिठ्ठ्या, सांगली बँकेची जुनी पासबुकं यांना हात लावण्याआधी एकदा थांबा. १९१६ ला निघालेली ती बँक २००७ ला आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. पेठेतल्या धंद्याला तिने कसा पैसा पुरवला, याची कहाणी आता आपल्याच कपाटांत शोधावी लागेल.

दुसरी विनंती संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना. एक खोली द्या. पुराच्या रेषेच्या बऱ्याच वर, मिरज रस्त्याकडे किंवा विश्रामबागेत, कोरडी, दोन खिडक्यांची खोली. लोखंडी मांडण्या आम्ही वर्गणीतून करू. वह्या मालकाच्या नावानेच राहतील, हव्या तेव्हा परत मिळतील. कोल्हापूरला पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, शिवाजी विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे. यादी कशी करायची, मोडी कोण वाचू शकेल, हे त्यांना विचारता येईल. पण त्यांच्या दारात जायचं तर आधी आपल्याकडे काय आहे ते आपल्याला माहीत हवं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा अर्जाला मालाचा त्या गावाशी असलेला जुना संबंध कागदाने दाखवावा लागतो. उद्या भडंगासाठी कुणी अर्ज करायचं म्हटलं तर आपण काय जोडणार? ज्यांनी चुरमुऱ्याची पोती मोजून लिहिली, त्यांच्या वह्या शाबूत असल्या तरच काही जोडता येईल.

मला ठाऊक आहे, अनेकांच्या मनात भीती आहे. जुन्या वहीत कुणाचं कर्ज, कुणाची गहाणवट, भावाभावांच्या वाटणीतल्या गोष्टी असतात. देणेकऱ्यांची नावं उघड झाली तर त्यांच्या नातवंडांना काय वाटेल? ही भीती खोटी नाही आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. त्यावर माझं म्हणणं असं की किती वर्षांच्या आतल्या वह्या कुणाला दाखवायच्या नाहीत, हे आपण आपल्यात ठरवू. पन्नास म्हणा, साठ म्हणा. एखादं खातं झाकून ठेवायचं असेल तर त्या पानांना मालकाने दोरा बांधून द्यावा. तो दोरा कुणी सोडणार नाही. पण झाकणं वेगळं आणि लगदा करणं वेगळं.

भिजलेल्या वह्यांबद्दल एवढंच. २०१९ ला आम्ही त्या गच्चीवर कडक उन्हात घातल्या. पानं एकमेकांना चिकटली, आता ती सुटत नाहीत. टाकाची निळी शाई पसरून गेली, शिसपेन्सिलीचे आकडे मात्र जसेच्या तसे राहिले. नंतर जाणकाराने सांगितलं की सावलीत, वाऱ्यावर, पानांत टीपकागद घालून वाळवायचं, चिखल ओला असताना खरवडायचा नाही, आणि एकदम सगळं वाळवणं शक्य नसेल तर एक-दोन दिवसांच्या आत वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या. बुरशी थांबते आणि मग सवडीने एकेक काढता येते. आपल्या पेठेत आईस्क्रीमवाले आहेत. पावसाळ्याच्या आधी त्यांच्याशी बोलून ठेवू या.

आणखी एक काम आहे आणि त्याला खोलीही लागत नाही. पेठेतले जुने दिवाणजी, तोलणारे, हमाल यांच्यातले काहीजण अजून आहेत. वहीतल्या खुणा त्यांनाच कळतात. आमच्या खतावणीत काही नावांपुढे एक छोटी फुली आहे. ती कशाची, हे मला गेल्या वर्षी एका ऐंशी वर्षांच्या हमालदादांनी सांगितलं. ज्यांच्याकडून त्या वर्षी घ्यायचं नाही असं अण्णांनी मनाशी ठरवलं होतं, त्यांची ती फुली. कुणाच्या घरी मयत झाली होती, कुणाचा बैल गेला होता. खातं माफ केलं नाही, फक्त मागायचं नाही. आम्ही तीस वर्षं ती फुली बघत होतो आणि आम्हाला बुडीत खात्याची वाटत होती.

दसऱ्याला आपण दुकानाची झाडझूड करतो आणि त्याच आठवड्यात रद्दीवाल्याच्या फेऱ्या वाढतात. त्याआधी संघटनेच्या एका बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. मी येईन, अकरा चोपड्या घेऊन येईन. तोपर्यंत ज्यांना माळा रिकामा करायचाच आहे आणि ठेवायला जागा नाही, त्यांनी वह्या आमच्या दुकानी पाठवाव्यात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी गल्ल्यावर एकटीच असते. पावती लिहून देईन, वह्यांची संख्या आणि साल घालून. माडीवरची मागची खोली सध्या रिकामी आहे आणि २०१९ ला तिथे पाणी पोचलं नव्हतं.

आपली नम्र,
गणपती पेठेतली एक किराणा दुकानदार